औषधाचा नेम

वसईच्या पश्चिम भागांत होळीच्या बाजारांत सकाळच्या प्रहरीं उभें राहिलें, म्हणजे त्या मुलखाचें सारें जीवन डोळ्यांपुढून जातें. केळीं, भाजी, फुलें आणि विड्याचीं पानें पिकविणारा हा प्रदेश. आणि त्याच रस्त्यानें वसई रोड स्टेशनाकडे लगबगीनें जाणारा हा नोकरवर्ग. १८६४ सालीं येथील आगगाडी मुंबईस जाऊन मिळाली, तेव्हांपासून या भागाचें सुखदुःख मुंबईशीं बांधलें गेलें आहे. मुंबईचा पैसा या वाटेनें आला, मुंबईची विद्या या वाटेनें आली, आणि मुंबईचे रोगही पुष्कळदां याच वाटेनें आले.

सायंकाळीं याच मुलखाचें निराळें रूप दिसतें. हिंदूंच्या घरीं देवापुढें दिवा लागतो. ख्रिस्ती घरांत मंडळी एकत्र बसून रोझरीची प्रार्थना म्हणतात. धर्म दोन, परंतु दोहोंच्या मुळाशीं असलेली गोष्ट एकच, आणि तिला मराठींत नांवही एकच आहे: नेम. जें रोज, ठरल्या वेळीं, कोणी पाहत नसतांही करावयाचें, त्याला नेम म्हणतात. एका भयंकर रोगाला गेल्या चाळीस वर्षांत मनुष्यानें जो आळा घातला, त्याचें अर्धें श्रेय शास्त्राला असलें तरी उरलेलें अर्धें अशाच एका नेमाला आहे. तो रोग म्हणजे एड्स, आणि तो नेम म्हणजे औषधाच्या गोळीचा.

या नेमाचें महत्त्व कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्याच वर्षाच्या आरंभीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यांत सोल्जर घरांत शिरूं लागले; रोग्यांस ओढून इस्पितळांत आणि त्यांच्या आप्तांस छावणींत नेऊं लागले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले. संताप इतका वाढला कीं, २२ जून १८९७ च्या रात्रीं प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. बळजबरीनें लोकांच्या मनांत रोगाविषयीं जेवढी भीति उत्पन्न झाली, त्याहून अधिक भीति उपचार करणाराविषयीं उत्पन्न झाली. हा धडा महाराष्ट्रानें एकदां घेतला होता. परंतु पुढें तो पुन्हां नव्यानें शिकावा लागला.

१९८१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत लॉस एंजलिस येथील पांच तरुणांच्या विचित्र आजाराची वार्ता प्रसिद्ध झाली. सुदृढ माणसांस सहसा न होणारा फुप्फुसांचा विकार त्यांना जडला होता. त्यांची प्रतिकारशक्तिच नाहींशी झाली होती. १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं या रोगाचा विषाणु शोधून काढला. त्यालाच पुढें एच्. आय्. व्ही. हें नांव मिळालें. तो तीन वाटांनीं पसरतो: शरीरसंबंधानें, दूषित रक्तानें अथवा सुईनें, आणि मातेकडून बालकाकडे. स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा एका डब्यांत बसल्यानें तो पसरत नाहीं. ही गोष्ट शास्त्रज्ञांस लवकरच कळली. समाजाच्या गळीं उतरावयास मात्र फार काळ लागला.

हा रोग परदेशाचा, आपल्या पवित्र भूमींत तो कोठून येणार, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत होती. ती १९८६ सालीं चेन्नईंत मोडली, आणि मोडणारी स्त्री जन्मानें मराठी होती. गायतोंडे घराण्यांतील ही कन्या विवाहानंतर डॉक्टर सुनीति सॉलोमन या नांवानें ओळखली जाऊं लागली. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं निर्मला सेल्लप्पन या विद्यार्थिनीनें शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमविले आणि ते तपासणीसाठीं रात्रीच्या गाडीनें वेल्लोरच्या रुग्णालयांत नेले. त्यांतील सहा नमुन्यांत विषाणूच्या संसर्गाची खूण सांपडली. भारतांतील एच्. आय्. व्ही. चा इतिहास येथून सुरू होतो. दिल्लीच्या मंत्र्यांपासून मद्रासच्या विधानसभेपर्यंत खळबळ उडाली. परंतु डॉक्टर सॉलोमन रोग शोधून थांबल्या नाहींत. ज्यांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें, अशा रोग्यांसाठीं त्यांनीं १९९३ सालीं एक केंद्र उघडलें आणि २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंत तें काम सोडलें नाहीं.

यानंतर भयाचा काळ आला. गोव्यांत या रोगाच्या माणसास सक्तीनें वेगळें ठेवण्याचा कायदा झाला. १९८९ सालीं डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या वांट्यास तो आला. त्याचा अपराध इतकाच कीं, तो नियमानें रक्तदान करीत असे आणि त्या रक्तांत विषाणु आढळला. पोलिसांनीं त्याला नेलें आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या इस्पितळांत चौसष्ट दिवस कोंडून ठेवलें. त्याची आई लूसी डिसूझा हिनें मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील पीठाकडे दाद मागितली. मुलाची सुटका झाली, परंतु न्यायालयानें कायदा वैध ठरविला. डॉमिनिकनें मात्र गप्प न बसतां आपलें नांव उघड करून या रोग्यांची बाजू लोकांपुढें मांडली. १९९२ सालीं त्याचा अंत झाला.

डॉमिनिकला कोंडून गोव्यांतील एकही नवा संसर्ग टळला असेल काय? उलट, रक्त तपासून घेतलें तर तुरुंग वांट्यास येतो, एवढें मात्र लोकांस कळलें. आणि जो तपासणीसच येत नाहीं, त्याच्यावर कोणता वैद्य उपचार करणार? प्लेगच्या वेळची चूक नव्वद वर्षांनीं जशीच्या तशी पुन्हां घडली.

दरम्यान महाराष्ट्रांत रोग खोलवर मुरत होता. १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. पुण्यांतील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी करण्यांत आली. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकीं निम्म्यांस संसर्ग झाला होता, हें ऐकून कोणास फारसें नवल वाटलें नाहीं. परंतु ज्या स्त्रिया तो व्यवसाय करीत नव्हत्या, ज्या बहुतेक विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशींही ज्यांचा संबंध नव्हता, त्यांच्यांतही शंभरांत तेरा-चौदा जणींस संसर्ग आढळला. ज्या घरांत ती स्त्री विश्वासानें नांदत होती, त्याच घरांत तिला हा रोग भेटला. हा दुर्वर्तनाचा दंड आहे असें म्हणणारांस या एका आंकड्यानें निरुत्तर केलें पाहिजे होतें. निरोध वापरावा हा उपदेश योग्यच होता. पण पतीस तसें सांगण्याची सत्ता किती स्त्रियांच्या हातीं होती?

आतां औषधाकडे वळावयास हरकत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंत झिडोव्हुडिन या पहिल्या औषधास मान्यता मिळाली. वर्षाचा खर्च आठ-दहा हजार डॉलर. आणि आरंभीं तें दर चार तासांनीं, मध्यरात्रींसुद्धां घ्यावें लागे. रोगी उशाशीं गजर लावून निजत. इतकें करूनही कांहीं महिन्यांत औषधाचा गुण ओसरे. याचें कारण विषाणूच्या स्वभावांत आहे. तो शरीरांत रोज कोट्यवधि प्रतींनीं वाढतो, आणि प्रत्येक प्रत करतांना चुका करतो. या चुकांतूनच एखादा असा निपजतो कीं त्याच्यावर औषध चालत नाहीं. मग बाकीचे मरतात, तो उरतो, आणि त्याचीच संतति शरीर व्यापून टाकते.

१९९६ सालीं यावर तोड निघाली. तीन औषधें एकदम दिलीं तर तिन्हींस चुकविणारा विषाणु निपजणें अतिशय कठीण, हें त्या वर्षीं व्हँकूव्हर येथील परिषदेंत सिद्ध होऊन जगापुढें आलें. मरणाच्या दारीं गेलेलीं माणसें उठून कामास लागलीं. परंतु या विजयास एक अट होती. औषध विषाणूला पूर्णपणें मारीत नाहीं. त्याला दाबून ठेवतें. कांहीं पेशींत तो निजून राहतो. रक्तांतील औषधाची पातळी उतरली कीं तो पुन्हां डोकें वर काढतो, आणि अर्धवट औषधाच्या सान्निध्यांत वाढल्यामुळें त्या औषधाला सरावतो. एक दिवस चुकला म्हणून सर्वनाश होत नाहीं; पण चुकण्याचीच संवय लागली तर कांहीं महिन्यांनीं तेंच औषध निरुपयोगी होतें. शेतकऱ्यानें बांध रोज पाहावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. बांध फुटत नाहीं याचें कारण पाणी गेलें हें नसून राखण चालू आहे हें असतें.

नेमाचा प्रश्न पुढचा. आधीं औषध मिळावें कसें? तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. येथें मुंबईनें जगाच्या इतिहासांत एक मोठें काम केलें. ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं मुंबईंत सिप्ला नांवाचा औषधांचा कारखाना काढला होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी मिळत नसे. केवळ तें बनविण्याच्या कृतीवर मिळे. निराळ्या कृतीनें तेंच औषध बनविण्यास मोकळीक होती. संस्थापकांचे पुत्र युसुफ हमीद यांनीं फेब्रुवारी २००१ मध्यें जाहीर केलें कीं, गरीब देशांत सेवा करणाऱ्या वैद्यकीय संस्थेस तिन्ही औषधें वर्षास ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एक डॉलरापेक्षांही कमी दरांत देऊं. सारें जग चकित झालें. आफ्रिकेंत लक्षावधि लोक मरत असतां औषध महाग म्हणून स्वस्थ बसणाऱ्या राष्ट्रांची सबबच त्या दिवशीं संपली.

किंमतीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्टही याच कारखान्यानें केली. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन हीं तीन औषधें त्यानें एकाच गोळींत घातलीं. पश्चिमेकडे या तिन्हींचे मालक तीन निरनिराळे असल्यामुळें तेथें तशी गोळी निघूं शकत नव्हती. मूठभर गोळ्यांच्या जागीं सकाळीं एक आणि रात्रीं एक! वरकरणीं ही सोय क्षुल्लक वाटते. परंतु मनुष्याचा नेम सोपेपणावर टिकतो, हें ज्यानें घरांतील वृद्धांना औषध देऊन पाहिलें आहे, त्याला वेगळें सांगावयास नको.

१ एप्रिल २००४ रोजीं भारत सरकारनें आठ संस्थांतून हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला. मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांपैकीं एक होतें. त्या वेळच्या एखाद्या होळीच्या रहिवाशाची कल्पना करावी. वसई तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होती. पहांटे उठून स्टेशन गांठावयाचें, सुमारें पन्नास किलोमीटर गर्दींत उभ्यानें जावयाचें, रुग्णालयाच्या रांगेंत दुपार करावयाची आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन परतावयाचें. दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. मालकाला कारण काय सांगावें? शेजाऱ्यानें विचारलें तर काय सांगावें? आणि बाटली घरांत ठेवावी कोठें? ज्यानें घरीं सांगितलें नाहीं, त्याची बाटली धान्याच्या डब्यांत दडते. पाहुणे आले कीं गोळी चुकते. लग्नकार्यासाठीं गांवीं गेलें कीं चार दिवस चुकतात. औषध फुकट असलें तरी त्याचें मोल त्याला असें रोज द्यावें लागे.

केंद्रांतील समुपदेशकांना हें सारें ठाऊक असे. रोग्यानें पुढच्या महिन्यांत येतांना उरलेल्या गोळ्या परत आणाव्या आणि त्या मोजून घ्याव्या अशी पद्धति होती. शंभरांत पंचाण्णव गोळ्या वेळेवर पोटांत गेल्या तर नेम पुरा झाला असें मानीत; महिन्याच्या साठ गोळ्यांत तीनच चुका माफ. परंतु चांगला समुपदेशक गोळ्या मोजून थांबत नसे. गोळी कां चुकली, हें तो विचारी. भाड्याला पैसे नव्हते काय? रात्रपाळी होती काय? घरांत कोणी पाहील ही भीति होती काय? रागावून विचारणाराला रोगी खोटें सांगतो. रिकाम्या केलेल्या बाटलीनें त्याला फसवितां येतें. आपुलकीनें विचारणाराला मात्र तो खरें सांगतो. प्लेगच्या सोल्जरानें आणि गोव्याच्या पोलिसानें जें साधलें नाहीं, तें येथें एका टेबलाशीं बसून शांतपणें साधलें.

यापुढें जें घडलें त्यानें या नेमाला निराळेंच तेज चढलें. ज्यांतील एकास संसर्ग आहे आणि दुसऱ्यास नाहीं, अशीं १७६३ जोडपीं नऊ देशांतून निवडून एक मोठा प्रयोग करण्यांत आला. त्यांत चेन्नईचें केंद्र होतें आणि पुण्याची संस्थाही होती. निम्म्यांस औषध तत्काळ सुरू केलें. उरलेल्यांस त्या काळच्या रीतीप्रमाणें प्रतिकारशक्ति उतरल्यावर दिलें. सर्वांस निरोध आणि सल्ला मिळत होताच. मे २०११ मध्यें निष्कर्ष जाहीर झाला. जोडीदाराकडूनच आला असें सिद्ध झालेले २८ संसर्ग आढळले. त्यांपैकीं २७ उशिरां औषध मिळालेल्या गटांत होते आणि तत्काळ औषध घेणाऱ्या गटांत फक्त एक. शंभरांत शहाण्णव संकटें टळलीं होतीं. ज्या पुण्यांत निरपराध पत्नींचा तो भयंकर आंकडा निघाला होता, त्याच पुण्यांतील जोडप्यांनीं त्यावरचा उपाय सिद्ध करण्यास हातभार लावला.

पुढें युरोपांतील संशोधनानें ही गोष्ट आणखी पक्की केली. जो मनुष्य रोज औषध घेतो आणि ज्याच्या रक्तांत विषाणु तपासणींत सांपडत नाहींत इतके कमी झाले आहेत, त्याच्यापासून शरीरसंबंधानें जोडीदारास संसर्ग होत नाहीं. या स्थितीस पोहोंचण्यास साधारण सहा महिने लागूं शकतात. ती आली कीं नाहीं हें रक्ततपासणीनेंच कळतें. आणि नेम सोडला कीं ती जाते. इतर गुप्तरोगांपासून ही गोळी वांचवीत नाहीं. त्यासाठीं निरोधच हवा. मातेनें गरोदरपणापासून हें औषध घेतलें आणि बालकासही दिलें तर काय होतें तेंही पाहण्याजोगें आहे. उपचारावांचून अशा शंभर बालकांपैकीं पंधरा ते पंचेचाळीस जणांस संसर्ग होतो. योग्य उपचारानें तें प्रमाण पांचांच्याही खालीं येतें.

गोळीचा अर्थच त्यामुळें बदलला. पूर्वीं ती रोग्याच्या जिवासाठीं होती. आतां ती त्याच्या पत्नीसाठीं, पतीसाठीं, पोटांतल्या मुलासाठींही झाली. जो मनुष्य रोज रात्रीं ती गोळी घेतो, तो कोणास न सांगतां घरच्या माणसांची राखण करीत असतो.

कायद्यानेंही हळूहळू दिशा बदलली. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें एका मजुराचा खटला आला. काम करण्यास समर्थ असूनही केवळ रक्तांत विषाणु आहे म्हणून एका सार्वजनिक उद्योगानें त्याला काम नाकारलें होतें. न्यायालयानें त्याला खरें नांव न सांगतां, केवळ अक्षरांच्या आड राहून दाद मागूं दिली, आणि असें काम नाकारणें घटनाविरुद्ध ठरविलें. २०१७ सालीं संसदेनें एच्. आय्. व्ही. व एड्स यासंबंधीं स्वतंत्र कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. नोकरींत, शाळेंत, दवाखान्यांत भेदभाव करण्यास त्यानें बंदी केली आणि रोग्याच्या संमतीवांचून त्याचें गुपित फोडणें निषिद्ध ठरविलें. कोंडण्यापासून संरक्षण देण्यापर्यंतची ही वाट चालावयास देशाला तीन दशकें लागलीं.

औषधाचे नियमही उदार होत गेले. २००४ मध्यें प्रतिकारशक्ति अगदीं खालावल्यावर औषध मिळे. ती मर्यादा वाढत वाढत २०१७ पासून रोग आढळतांच औषध सुरू करावें असें ठरलें. २०१८ पासून रक्तांतील विषाणूंचें मान मोफत मोजण्याची सोय देशभर होऊं लागली. नंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तीन औषधांची, दिवसांतून एकदांच घ्यावयाची गोळी आली. केंद्रेंही जिल्ह्याजिल्ह्यांत निघालीं. वसई १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यांत गेली. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली आणि लोकलगाड्या सामान्यांस बंद झाल्या, तेव्हां या नेमाची मोठी कसोटी लागली. त्या वेळीं अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचा आणि जवळच्या केंद्रांतून त्या पुरविण्याचा मार्ग काढण्यांत आला. पूर्वीं दर महिन्यास दारांत बोलावल्यावांचून ज्याच्यावर भरंवसा नव्हता, त्याच्यावर संकटानें भरंवसा ठेवावयास लावलें.

तरीही काम पुरें झालेलें नाहीं. २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणें भारतांत सुमारें २४ लाख माणसें या विषाणूसह जगत होतीं. त्यांतील जवळजवळ चार लाख एकट्या महाराष्ट्रांत, म्हणजे कोणत्याही राज्याहून अधिक. त्या एका वर्षांत देशांत साठ हजारांहून अधिक नवे संसर्ग झाले आणि चाळीस हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. औषध आहे, फुकट आहे, एका गोळीचें आहे. मग हे मृत्यु कां? कोणी तपासणीस गेलेंच नाहीं, कोणी फार उशिरां गेलें, आणि कोणी मध्येंच औषध सोडलें. या तिन्हींच्या मागें पुष्कळदां एकच कारण उभें असतें, आणि तें म्हणजे लाज.

लाज रोगी स्वतः निर्माण करीत नाहीं. ती त्याला भोंवतालचा समाज देतो. दवाखान्याच्या रांगेंत ओळखीचें माणूस दिसलें म्हणून कुजबुजणारा शेजारी, सुनेला माहेरीं पाठविणारें घर, विद्यार्थ्याला बाजूस बसविणारी शाळा, हे सारे त्या गोळीच्या आड येतात. शास्त्रज्ञांनीं औषध शोधलें, मुंबईच्या कारखान्यानें तें स्वस्त केलें, सरकारनें फुकट दिलें, न्यायालयानें गुपिताचें रक्षण केलें. शेवटचें पाऊल मात्र यांपैकीं कोणाच्याच हातीं नाहीं. रात्रीं, आपल्या घरांत, एक माणूस पाण्याचा पेला आणि गोळी हातीं घेतो. तेवढा क्षण त्याला निर्भयपणें लाभला पाहिजे.

होळीच्या बाजारावर संध्याकाळ उतरते, घरोघर दिवे लागतात, प्रार्थनेचे सूर ऐकूं येतात. त्याच सुमारास एखाद्या घरीं एखादी गोळीही घेतली जात असेल. ती जेथें लपवून घ्यावी लागत नाहीं, तेथें रोगाची वाट अर्धी बंद झाली असें समजावें.